वजन उतरवणाऱ्या गोळ्यांविषयी, औषधाच्या दुकानातून

वजन कमी करण्याच्या गोळ्यांबद्दल औषधाच्या दुकानात पुष्कळ प्रश्न विचारले जातात. किती दिवसांत फरक दिसेल, महिन्याला किती किलो उतरतील, पथ्य पाळावे लागेल का, साइड इफेक्ट तर नाहीत ना, आणि हर्बल काही मिळेल का, हे त्यांतले नेहमीचे. मात्र ही गोळी पोटात गेल्यावर शरीरात नेमके काय करते, असे विचारणारे गिऱ्हाईक साताऱ्यातल्या आमच्या दुकानात मला क्वचितच भेटते. माझ्या मते सगळ्यांत आधी विचारायला हवा तो हाच प्रश्न, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीचे प्रश्न निराळ्याच प्रकाशात दिसू लागतात.

चरबी कमी करण्यासाठी म्हणून राखून ठेवलेली वेगळी यंत्रणा आपल्या शरीरात नाही. भूक लागणे आणि भागणे मेंदूतल्या ज्या रसायनांवर चालते, त्यांच्यावरच मनःस्थिती, झोप, रक्तदाब आणि नाडीची गती यांचाही बराच भार असतो. ऊर्जा किती वेगाने खर्च व्हावी हे ठरवणारे थायरॉईडचे संप्रेरक हृदयाच्या ठोक्यांवर आणि हाडांच्या बळकटीवरही परिणाम करते. त्यामुळे वजन उतरवणारी कोणतीही गोळी यांपैकी कशाला तरी किंवा पचनक्रियेला हात घालूनच आपले काम करते, आणि जी कशालाच हात घालत नाही तिने वजनही उतरत नाही. ‘दुष्परिणाम शून्य’ आणि ‘दहा किलो हमखास’ ही दोन आश्वासने एकाच डब्यावर छापलेली असतील, तर त्यांतले निदान एक खोटे असते.

हे समजावताना मला डायनायट्रोफेनॉल या रसायनाची हकीकत सांगावीशी वाटते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते स्फोटकांसाठी वापरले जाई. तिथल्या कामगारांना अतोनात घाम येई, ताप चढे, वजन झपाट्याने घटे, आणि काही जण त्यात दगावले. १९३३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विंडसर कटिंग आणि मॉरिस टेंटर यांनी हेच रसायन मोजक्या मात्रेत दिल्यास लठ्ठ माणसांचे वजन उतरते असे प्रसिद्ध केले, आणि पाहता पाहता ते घेणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया अन्नातली ऊर्जा आधी एका पातळ पटलाच्या दोन बाजूंवरील विद्युतभाराच्या फरकात साठवतात, आणि त्या फरकाच्या जोरावर शरीराला वापरता येईल असे इंधन तयार करतात. डायनायट्रोफेनॉलमुळे त्या पटलातून गळती सुरू होते. इंधन पुरेसे तयार होत नाही, ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी शरीर साठवलेली चरबी जाळत राहते. वजन खरोखरच उतरते. परंतु मात्रा थोडी चढली की आतली उष्णता वाढतच जाते, आणि तिच्यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध आजही नाही. तापावरची नेहमीची गोळीही इथे कामाला येत नाही, कारण हा ताप मेंदूने चढवलेला नसतो. तो प्रत्येक पेशीत निर्माण होत असतो. मृत्यूंच्या बातम्यांबरोबरच तरुण स्त्रियांना मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या, आणि १९३८ च्या अमेरिकी अन्न व औषध कायद्यानंतर माणसांसाठी त्याची विक्री थांबली.

ही गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता आली असती तर बरे झाले असते. पण हेच रसायन गेल्या काही वर्षांत शरीरसौष्ठवाच्या नावाखाली इंटरनेटवरून विकले गेले, त्यात ब्रिटनमधली तरुण मुले-मुली दगावली, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारला ते कायद्याने नियंत्रित विषांच्या यादीत घालावे लागले.

डायनायट्रोफेनॉलची विक्री थांबल्यानंतर अँफेटामिनचा काळ आला. भूक मारणारे आणि झोप उडवणारे हे औषध दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना दिले गेले होते. युद्धानंतर ते वजनाच्या दवाखान्यांत पोहोचले. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेत निरनिराळ्या रंगांच्या गोळ्यांचा एक संचच रुग्णाच्या हातात ठेवला जात असे. त्यात भूक मारायला अँफेटामिन, चयापचय वाढवायला थायरॉईड, पाणी काढायला लघवी वाढवणारी गोळी, पोट साफ करायला रेचक, कधी हृदयावर काम करणारे डिजिटालिस, आणि एवढे सगळे घेतल्यावर झोप यावी म्हणून बार्बिट्युरेट असे. औषधशास्त्र शिकलेल्या कोणालाही हा संच पाहून धडकी भरावी, कारण लघवीच्या आणि रेचकाच्या गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम घटते, आणि पोटॅशियम घटलेले असताना डिजिटालिस दिले की हृदयाची लय बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. असे मृत्यू झालेच. युरोपात १९६५ साली आलेल्या ॲमिनोरेक्स या भूक मारणाऱ्या औषधाने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढवण्याची जणू साथच आणली आणि स्वित्झर्लंडमधून ते १९६८ मध्ये मागे घेतले गेले.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावते ते मात्र फेनफ्लुरामिनचे प्रकरण, कारण तिथे लपूनछपून काहीच चालले नव्हते. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या दोन्ही औषधांना अमेरिकेत रीतसर परवानगी होती, फक्त ती दोन्ही एकत्र देण्याची परवानगी कोणी दिलेली नव्हती. १९९२ साली १२१ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या जोडीने वजन चांगले उतरल्याचे दिसले, आणि देशभर डॉक्टर ही जोडी लिहून देऊ लागले. १९९६ या एका वर्षात तिथे या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटातील फार्गो इथल्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती समोर ठेवली. पूर्वी हृदयाचा कोणताही आजार नसलेल्या या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्या होत्या, आणि त्यांतल्या पाच जणींवर झडपांची शस्त्रक्रिया करावी लागली. मग कोणताही त्रास जाणवत नसलेल्या २९१ जणांची सोनोग्राफीसारखी हृदयतपासणी, म्हणजे इको, केली गेली तेव्हा सुमारे ३० टक्क्यांच्या झडपांत दोष आढळला. १५ सप्टेंबर १९९७ रोजी फेनफ्लुरामिन आणि त्याचे भावंड डेक्सफेनफ्लुरामिन बाजारातून काढून घेण्यात आले. पुढे भारतातही दोन्हींवर बंदी आली.

तोवर हे कोणाच्या लक्षात का आले नसावे? झडप जाड होताना दुखत नाही. रुग्ण दर महिन्याला काट्यावर उभा राहत होता, आकडा उतरत होता, तो समाधानी होता आणि डॉक्टरही समाधानी होते. उपचार लागू पडतो आहे की नाही हे ज्या एकाच साधनाने मोजले जात होते, त्या साधनाला हृदय दिसत नव्हते. सेरोटोनिन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनाचा जो ग्राही (रिसेप्टर) झडपांच्या पेशींवर असतो, त्यालाच हे औषध चेतवत होते, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. याच फेनफ्लुरामिनला २०२० साली अमेरिकेत लहान मुलांच्या ड्राव्हे सिंड्रोम या अतिशय कठीण अपस्मारासाठी पुन्हा परवानगी मिळाली, पण कमी मात्रेत आणि ठरावीक काळाने इको करण्याची सक्ती ठेवून. जे औषध काही किलो उतरवण्यासाठी घेणे अक्षम्य ठरले, तेच जिवावर बेतणाऱ्या झटक्यांसाठी देणे योग्य ठरू शकते. धोक्याचे मोल त्याच्या बदल्यात काय मिळते यावर ठरते, आणि वजनाच्या गोळ्यांच्या बाबतीत हा हिशेब नेमका घाईत केला जातो.

आपल्याकडे ज्याची विक्री भरपूर झाली ते औषध म्हणजे सिबुट्रामिन. ते भूक लवकर भागल्याची जाणीव देई, पण नाडीची गती आणि रक्तदाबही वाढवी. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १०,००० जणांवरच्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांचे प्रमाण ११.४ टक्के, तर तुलनेसाठी नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या गटात १० टक्के निघाले. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते गेले, आणि १० फेब्रुवारी २०११ च्या अधिसूचनेने भारतातही त्यावर बंदी आली. त्याच अधिसूचनेत फेनिलप्रोपॅनोलामिन हेही होते. सर्दीच्या गोळ्यांतून आपल्याला ते माहीत होते, पण परदेशांत ते भूक मारण्यासाठीही विकले जाई आणि मेंदूतील रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसून आला होता. त्याआधी २००९ मध्ये रिमोनाबँट या वजनाच्याच औषधावर बंदी आली होती, कारण त्याने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढत होते. वजनाचेच आणखी एक औषध, लॉर्कासेरिन, २०१२ मध्ये अमेरिकेत आले आणि कर्करोगाच्या शंकेवरून २०२० मध्ये गेले.

बंदी आलेले औषध दुकानाच्या फळीवरून जाते, पण जगातून जात नाही. सिबुट्रामिनचा मुक्काम आता ‘हर्बल’ डब्यांत आहे. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला भेसळ सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली ३१७ उत्पादने वजन उतरवण्याची होती, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिबुट्रामिन निघाले. अनेकांत फिनॉल्फ्थॅलिन हे कर्करोगाच्या शंकेमुळे वापरातून गेलेले रेचकही होते. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला ‘इंग्रजी औषध’ नको म्हणून वनस्पतीजन्य काहीतरी हवे असते, त्याच्या हातात कित्येकदा सरकारने बंदी घातलेले तेच इंग्रजी औषध पडते, आणि तेही किती मिलिग्रॅम आहे हे न कळता. त्यातही जी व्यक्ती आधीपासून नैराश्यावरच्या गोळ्या घेत असेल तिला हे मिश्रण विशेष घातक, कारण दोन्हींमुळे सेरोटोनिन एकाच वेळी वाढते. डॉक्टरांनी विचारले तर ती प्रामाणिकपणे सांगते की मी फक्त एक हर्बल पावडर घेते आहे, आणि छातीत धडधड का होते ते कोणालाच कळत नाही.

भेसळ नसली तरी वनस्पतीचा अर्क निरुपद्रवी असतोच असे नाही. गार्सिनिया कंबोजियाच्या कॅप्सूल आपल्याकडे खूप खपतात. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती ही कुडमपुळी, आपल्या कोकमाची सख्खी बहीण, आणि तिच्यातले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल चरबी बनू देत नाही असा दावा असतो. १९९८ साली १३५ जणांवर बारा आठवड्यांची काटेकोर चाचणी झाली. हे आम्ल घेणाऱ्यांत आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत वजनाचा लक्षणीय फरक पडला नाही. लाभ असा नाहीसा असताना यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र या कॅप्सूल घेणाऱ्यांत आढळल्या आहेत. हिरव्या चहाच्या अर्काचेही तसेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये असे मत दिले की त्यातला मुख्य घटक पूरक स्वरूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताला ताण पडल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात. कोकणातल्या वाचकांनी घाबरून सोलकढी बंद करू नये, किंवा चहाचे एक-दोन कप सोडू नयेत. पानात येणारा पदार्थ आणि त्याच पदार्थातून आटवून काढलेला एक घटक या औषधाच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू आहेत.

काही मंडळी दुसऱ्या आजारांची औषधे वजनासाठी मागतात. घरात आईची थायरॉईडची गोळी असते, आणि तिने वजन उतरते असे मुलीने कुठेतरी ऐकलेले असते. थायरॉईड व्यवस्थित असलेल्या माणसाने ती घेतली तर वजन थोडे उतरेलही, पण त्यात स्नायू जातात, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. या औषधाच्या माहितीपत्रकातच ते वजनासाठी वापरू नये अशी ठळक सूचना असते. लघवीची गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो कमी दाखवतो. ते सगळे पाणी असते, चार दिवसांत परत येते, आणि मधल्या काळात चक्कर, पायांत गोळे आणि पोटॅशियमची घट मागे राहते. लग्नाच्या तारखेआधी किंवा भरतीच्या वैद्यकीय तपासणीआधी असे उपाय मागायला येणाऱ्या मुला-मुलींना मी रागावत नाही. शांतपणे खुर्ची देते, आणि गोळी मात्र देत नाही.

आता धोक्यांकडून मर्यादांकडे येते, कारण परवाना असलेल्या आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहून दिलेल्या औषधांच्या बाबतीतही त्या समजून घ्यायला हव्यात. ऑर्लिस्टॅट हे त्यांतले जुने आणि तुलनेने सुरक्षित औषध. ते रक्तात जवळजवळ जातच नाही. आतड्यात चरबी पचवणाऱ्या लायपेजला अडवते आणि जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाते. त्यामुळे तेलकट जुलाब होतात, कधी आवरता येत नाहीत, आणि अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही काही प्रमाणात वाया जातात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा थायरॉईडची गोळी सुरू असेल तर वेळा जुळवून घ्याव्या लागतात आणि तपासण्या कराव्या लागतात. एवढे करून मिळते काय? स्वीडनमध्ये ३,३०५ जणांवर चार वर्षे चाललेल्या चाचणीत आहार-व्यायामाच्या सल्ल्यासह ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.८ किलो उतरले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचे ३ किलो. म्हणजे गोळीच्या वाट्याचे तीन किलोही नव्हेत. तरी त्या गटात मधुमेह कमी झाला, आणि योग्य रुग्णासाठी तो लाभ खरा आहे; मी त्याला कमी लेखत नाही. पण आपल्याकडचा एक मुद्दा त्यात जोडायला हवा. ज्याच्या ताटातली जास्तीची ऊर्जा भात, पोळी, साबुदाणा, बिस्किटे आणि दिवसभराच्या गोड चहातून येते, त्याच्या त्या ऊर्जेला हे औषध स्पर्शही करत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. वजन घटले की शरीर ते संकट समजते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून वजन उतरवले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या शरीरातील भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती, आणि त्यांना भूकही पहिल्यापेक्षा जास्त लागत होती. वजन परत येते तेव्हा आपण माणसाच्या निश्चयाला दोष देतो, पण त्याचे शरीर महिनोन्महिने त्याला मागे ओढत असते. गोळी हे ओढणे काही काळ रोखते, थांबवत नाही. म्हणूनच ‘तीन महिन्यांचा कोर्स’ ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे ही औषधेही चालू असेतोवरच काम करतात, आणि जे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागणार ते वर्षानुवर्षे सुरक्षित असल्याचा पुरावा मागणे हा आपला हक्क आहे.

हल्ली ज्यांची चर्चा घरोघरी आहे त्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या औषधांनाही हे लागू आहे. त्यांचा परिणाम आधीच्या सगळ्या गोळ्यांहून मोठा आहे, हे निःसंकोच सांगायला हवे. आठवड्यातून एकदा टोचायच्या सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांवरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, खोट्या इंजेक्शनने २.४ टक्के. परंतु औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता नेहमीच्या; पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह क्वचित पण गंभीर; घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग झालेला असेल तर ही औषधे वर्ज्य; गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे लागते. घटलेल्या वजनात स्नायूंचाही मोठा वाटा असतो, आणि प्रथिने जेमतेम खाणाऱ्या आपल्या साठीच्या माणसांसाठी ही बाब हलकी नाही. सेमाग्लुटाइडची गोळी २०२२ पासून भारतात मधुमेहासाठी मिळते. ती रिकाम्या पोटी अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण तिचा एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात जातो आणि चहाच्या एका घोटाने तोही बुडतो. हे सांगितले नाही तर महागडी गोळी महिनाभर फुकट जाते. ही औषधे जसजशी स्वस्त होत जातील, तसतशी ती चिठ्ठीवाचून मागणाऱ्यांची संख्या वाढत जाईल, अशी मला काळजी वाटते.

या सगळ्यात वजन मोजण्याच्या आपल्या सवयीकडेही पाहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असते, म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या २३ वर जास्त वजन आणि २५ वर लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. ज्या गोळीने स्नायू आणि पाणी जाते आणि पोटातली चरबी तशीच राहते, ती काट्यावर यशस्वी ठरते आणि माणसाला मधुमेहापासून वाचवत नाही. आपल्या तज्ज्ञांनी औषधाचा विचार बीएमआय २७ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब असे आजार सोबत असतील तर २५ च्या वर करावा असे म्हटले आहे. पाच किलो ‘जास्त’ वाटणाऱ्या पण २२ बीएमआय असलेल्या मुलीला यांपैकी कोणतेही औषध लागू नाही. तिला कोणीतरी मायेने विचारायला हवे की हे पाच किलो तुला जास्त आहेत असे कोणी सांगितले, आणि ती जेवण टाळत असेल किंवा ओकून काढत असेल तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवे. उलट ज्यांना गुडघे, श्वास, साखर यांचा खरा त्रास आहे, त्यांनी औषध घेण्यात कमीपणा मानू नये.

एक कायदाही वाचकांना ठाऊक असावा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत लठ्ठपणा आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेले पत्रक असो वा मोबाइलवर येणारी चित्रफीत, ‘लठ्ठपणावर रामबाण औषध’ ही जाहिरात मुळात बेकायदा आहे. पूरक आहाराच्या डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो. तो अन्न विकण्याचा परवाना आहे, त्या डब्याने वजन उतरते याचा दाखला नाही.

आणि कोणी अशी गोळी किंवा पावडर आधीच घेत असेल तर काय करावे, हे सांगते. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणे, छातीत धडधड, जिना चढताना नव्याने लागणारा दम, पायांवर सूज, झोप उडणे किंवा मन विलक्षण उदास होणे, यांपैकी काहीही दिसले तर ती त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे आणि डबा सोबत न्यावा. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध असेल तर मात्र आपल्या मनाने न थांबवता आधी त्यांना फोन करावा. औषधाने झालेल्या अपायाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. नोंद करताना उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, कधीपासून किती घेतले, आणि सोबत दुसरी कोणती औषधे चालू होती हे विचारले जाते, म्हणून रिकामा झाला तरी डबा आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.